आरसामॅडम आणि तिरपं ऊन

आमच्या मॅडमच्या पिशवीत कायम एक आरसा असायचा. न्हाव्याच्या दुकानात असतो तसा, चांगला मोठा, लाकडी चौकटीचा. पण त्यात त्यांनी स्वतःचं तोंड बघितलेलं मी कधी पाहिलं नाही. केसांत कर्जत स्टँडवरची धूळ, पदराची पिन सुटलेली, आणि बाई आरसा घेऊन निघाल्या दगड बघायला. अख्खं कॉलेज त्यांना आरसामॅडम म्हणायचं आणि त्यांना ते ठाऊक होतं.

माझा मुख्य विषय अर्थशास्त्र. मायनर म्हणून पुरातत्त्व घेतलं ते, खरं सांगते, भटकायला मिळेल म्हणून. आई म्हणाली, "मातीत हात घालायला कालेजात कशाला जायला पायजे गं? आपलं शेत हाय की." मी हे मॅडमना सांगितलं तर त्या खळखळून हसल्या. "आईला सांग, आमच्याकडे चिखल कमी आणि बघणं जास्त."

"आधी बघा, मग हात लावा," हे त्यांचं पालुपद. आम्ही ते कानाआड केलं आणि त्यांच्या वाढदिवसाला मोठा पराक्रम केला. नदीकाठी सापडलेली जुनी खापरं घासूनपुसून, मिठाईच्या खोक्यात घालून, वर रिबीन बांधून भेट दिली. मॅडमनी एकेक खापर हातात घेतलं. "हे कुठं पडलं होतं? आणि हे?" ते आम्ही कुठं लिहूनच ठेवलं नव्हतं. "म्हणजे मला बिनपत्त्याची माणसं आणून दिलीत," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, उलट समोसे मागवले. पण पुढच्या रविवारी आम्हाला काठावर बसवलं आणि काहीही न उचलता, काय कुठं पडलंय एवढंच सांगायला लावलं. पायाला मुंग्या आल्या माझ्या. पण तेव्हापासून जमीन मला कोरी दिसलेली नाही.

खरी परीक्षा मात्र आमच्याच गावात झाली. कुंभिवलीच्या अलीकडे, हायवेवरून आत आमचं गाव. देवळाशेजारी एक वीरगळ उभा होता, म्हणजे लढताना पडलेल्या कुणाची तरी आठवण म्हणून कोरलेला दगड. पण पावसापाण्यानं तो इतका झिजला होता की गावाच्या लेखी नुसता धोंडा. देवळाचं नवं बांधकाम निघालं, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे माझे चुलते आप्पा, यांनी ठरवलं की तो आडवा टाकून पायरी करायची. मी भांडले. "काय हाय त्याच्यावर? दाखव की," आप्पा म्हणाले. भर दुपारी दाखवायला गेले तर मलाच काही दिसेना. गवंडी दुसऱ्या दिवशी कामाला लागणार होता. मी सरळ मॅडमना फोन लावला.

त्या लगेच रिक्षा करून आल्या. भाषण होणार म्हणून माणसं जमली होती. मॅडमनी आप्पांना नमस्कार केला, चहा घेतला आणि पिशवीतला आरसा त्यांच्याच हातात दिला. "अध्यक्ष, ऊन पकडा आणि दगडावर बाजूनं टाका. समोरून नको, तिरपं." आप्पांना ही थट्टाच वाटली असणार, पण पाहुणीला नाही कसं म्हणायचं? आई आणि मी दगडावर चादर धरून सावली केली. आप्पांनी आरसा वळवला. उजेड दगडाला घासून गेला आणि त्यातून एक माणूस वर आला. हातात तलवार. मागं वशिंडं, शिंगं.

"गुरं हायत रं," मागून कुणीतरी म्हणालं.

"कुणीतरी पळवून नेली होती. ती सोडवताना हा गेला," मॅडम म्हणाल्या.

आप्पांनी आरसा जरा कलता केला, तशी दगडातली तलवारही हलली. ते म्हणाले, "हा गुरांसाठी मेला, आन आमी याच्यावर पाय देणार व्हतो." गवंड्याला त्यांनी पायरीसाठी दुसरा दगड आणायला पाठवलं. निघताना मॅडमनी आरसा आप्पांकडेच ठेवला. "एकदा दिसलं म्हणून बघणं सोडू नका," एवढंच बजावलं. मला त्या दिवशी आप्पांचा आणि मॅडमचा, दोघांचाही फार अभिमान वाटला.

मॅडम गेल्या, ही बातमी मला गेल्या हिवाळ्यात खोपोलीत, ऑफिसात कळली. तशीच उठून गावी गेले. आप्पा अंगणात मोटरसायकलच्या फुटक्या आरशात बघून दाढी करत होते. मॅडमचा आरसा भिंतीवर, फडक्यात गुंडाळलेला. मी सांगितलं. आप्पांनी तोंड पुसलं, आरसा काढला आणि म्हणाले, "चादर घे."

दगडापाशी जाऊन त्यांनी ऊन पकडलं. उजेड माणसावरून, गुरांवरून सरकवत अगदी खालच्या कोपऱ्यात नेला.

"इथं वासरू पन हाय," ते म्हणाले. "तवा मॅडमला दिसलं नव्हतं. जत्रेला आल्या की दाखवणार व्हतो."

मी वाकून बघितलं. गाईच्या पोटाशी, होतं.