माइते एचेबेरियांचं पत्र

चंद्रहास नवघरे रोज ओंगारहून चेरीवूडला जायचा. म्हणजे डब्लिनचं एक टोक सोडायचं आणि दुसरं गाठायचं. जाऊन-येऊन चार तास मोडायचे. नागपूरहून आलेल्या या सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचं काम ऐकायला सोपं होतं. इस्पितळांच्या प्रतीक्षायादीत एकच रुग्ण दोनदा नोंदला गेला असेल, तर दोन्ही नोंदी एक करायच्या. संगणक जोड्या सुचवायचा, हा 'होय' किंवा 'नाही' दाबायचा. दिवसाला तीनशे जोड्या. दुपारनंतर त्याला नावं दिसायची, माणसं दिसेनाशी व्हायची.

फेब्रुवारीत डब्लिनजवळच्या ब्रे गावच्या एका बाईंचा फोन त्याच्याकडे आला. माइते एचेबेरिया, वय शहात्तर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन वर्षं थांबल्या होत्या, बोलावणं आलंच नव्हतं. त्याने नोंद उघडली. पत्र पार पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेच्या दुसऱ्याच माइते एचेबेरियाकडे गेलं होतं. एकीच्या आडनावातला 'च' इंग्रजीत 'टीएक्स'ने लिहिलेला, दुसरीचा 'सीएच'ने, आणि एका नोंदीत जन्मतारीख कोरी. 'होय' त्यानेच दाबलं होतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "एवढं वेगळं आडनाव, तेव्हा बाई एकच असणार, असं मी धरून चाललो."

बाई रागावल्या नाहीत. तेवढं बळ बहुधा उरलं नव्हतं. त्या सावकाश सांगत गेल्या. हे बास्क आडनाव, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या लोकांचं. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. त्यांच्याकडे माणसाला घराचं नाव लागायचं, आणि नवं घर काय, गावोगावी कोणी ना कोणी बांधायचंच. म्हणून आडनाव ढिगानं, पण नातं असेलच असं नाही. स्पेनमध्ये ते एका तऱ्हेने लिहिलं, फ्रान्समध्ये दुसऱ्या, समुद्रापार गेलेल्यांचं तर चावारिया झालं.

मग चंद्रहास म्हणाला, "माझं आडनाव नवघरे. अर्थ तोच."

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

मॅनेजरचं म्हणणं पडलं, एवढी एक नोंद सुधार, बाकी सगळं 'ग्रँड' आहे, म्हणजे इथल्या बोलीत ठीकठाक. पण त्याने या आडनावाच्या जोडलेल्या सगळ्या नोंदी काढल्या. एकसष्ट निघाल्या. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सरकवून, तो एकेक फोन करत राहिला. अकरा जोड्यांत माणसं वेगळी होती. त्या महिन्यात त्याचा रोजचा आकडा घसरला आणि त्याला बोलावून तसं सांगण्यात आलं. त्याने मान डोलावली. घरी बायकोने, उर्मिलाने विचारलं, आपले नवघरे मूळचे कुठले? तो म्हणाला, वडील असते तर सांगितलं असतं.

मे महिन्यात बाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याने चौकशीला फोन केला. दिसतं आता छान, त्या म्हणाल्या. घरातली धूळसुद्धा दिसते, पण ती झाडायचा उत्साह नाही. दुसऱ्या डोळ्यासाठी त्यांना पुन्हा यादीत थांबायचं होतं. किती दिवस, ते त्यांनी विचारलं नाही.