आईच्या खोलीची दुसरी किल्ली

केमोने आईचे केस गेले तेव्हा तिने आरशावर टॉवेल टाकला. जन्मभर अंबाड्याशिवाय दारात न आलेली बाई ती. एका दुपारी मात्र म्हणाली, "मोबाईलवर काढ गं माझं शूटिंग, बघू तरी कशी दिसते." डोक्यावरचा रुमाल काढून ती हसली, टकलावरून हात फिरवला आणि रडायलाच लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "कोणाला दाखवू नको हां. तुझ्यापुरतं ठेव."

मी शब्द दिला.

ती गेल्यावर तो व्हिडिओ कुठल्याशा कंपनीच्या हवाली करायला माझं मन धजेना. अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे सर्व्हर सांभाळते मी, मग स्वतःचं क्लाउड घरी उभं करायला काय जातंय? घाटकोपरच्या घरात एक जुना पीसी पडून होता. त्याच्या आतच सॉफ्टवेअरच्या भिंती घालून एक बंद खोली केली. क्लाउड चालणार ते त्या खोलीतच. चुकून कोणी आत शिरलंच तर तिथेच अडकणार, बाकीचं मशीन त्याला दिसणारही नाही. फाइलींना कुलूप, पासवर्डनंतर फोनवर कोड. कित्येक रविवार त्यात गेले, पण काम झकास झालं होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये घराची दुसरी किल्ली शेजारी ठेवायची पद्धत आहे. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर? म्हणून दुसरं लॉगिन भावाला दिलं आणि आईची अटही सांगितली. "अगं, मी काय परका आहे का?" म्हणाला.

वर्षश्राद्धाला त्याच्या पवईच्या घरी जेवणं उरकली आणि हॉलमधला टीव्ही लागला. लग्नातले फोटो, गणपतीतले फोटो, मागे बासरी. आणि मग आई, रुमाल काढताना.

"बंद कर ते!" मी ओरडले, तर सगळे मलाच गप्प करायला लागले. टीव्हीसमोर मोबाईल वर झाले होते. ती रडते तिथे त्या शहाण्याने बासरीचा आवाज वाढवला होता.

स्वयंपाकघरात त्याला गाठलं. "तिने नको म्हटलं होतं रे!"

"आई माझी पण होती ना. कळू दे लोकांना, किती धीराची होती ते."

धीराची! ती रडत होती, मूर्खा!

"आणि मी काय चोरी केली? लॉगिन तूच दिलंस."

एवढ्या भिंती घातल्या त्या परक्यांसाठी, आणि गळा कापला सख्ख्या भावाने. तोही श्राद्धाच्या दिवशी, मला आग्रहाने खीर वाढून.

घरी येऊन त्याचं लॉगिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. गावच्या मावशीने व्हिडिओ पाठवला होता, बासरीसकट. खाली लिहिलं होतं, "गो बाय, तुझ्याकडे नसात म्हणान धाडलंय. जपून ठेव हां."