गंगूबाईच्या हातात आलेला हात

शालिकरामाची नवी बायको डोंबाऱ्याची पोर आहे, तिच्या अंगात हाडंच नाहीत आणि बापानं तिला लहानपणी तेलाच्या रांजणात मुरवली होती, ही बातमी आमच्या आळीत नवरीच्या आधी पोचली. बातमी कोणी आणली ते मी सांगत नाही. ती आमच्याच घरची आहे आणि मला दोन वेळा जेवायचं असतं.

खरं ते असं. सत्यभामा हिवरखेडच्या पुंजाराम माळ्याची लेक. घरचा मळा, विहिरीला बारमाही पाणी, वांगी-मेथी-झेंडूचं पीक. हाडं सगळी जागच्या जागी होती, सांधे तेवढे ढिले. बाजेचं लाकूड सागवानी असावं आणि सुतळी सैल पडावी, तसा प्रकार. अंगठा वळवला की मनगटाला टेके, कोपर उलट्या बाजूनं वाके. बापाचंही तेच. पुंजाराम पन्नाशी उलटल्यावरही पोळ्याच्या दिवशी पाय मानेमागे अडकवून दाखवायचा आणि पुढचे चार दिवस बाजेवरून उठायचा नाही. लोक पहिला भाग पाहायला जमत. दुसऱ्या भागाला कोणी थांबत नसे.

सून पसंत केली ती शालिकरामाच्या मायनं, गंगूबाईनं. शालिकरामाला कोणी विचारलं नव्हतं. त्याला अजूनही कोणी काही विचारत नाही. माळ्याच्या घरात मुलगी पाहायला गेलेली बाई आधी नाक-डोळे पाहत नाही, हात हातात घेऊन दाबून पाहते. हात मऊ, बोटं लवचीक, तर कळी चुरगळत नाही, मेथी खुडताना पान फाटत नाही. गंगूबाईनं सत्यभामेचा हात दाबला तर तो लोण्यासारखा. वर कासारानं दहा वर्षांच्या पोरीच्या मापाची बांगडी बिनतेलाची सरकन चढवून दाखवली. मग काय! हिवरखेड ते आमचं अचलपूर, गाडीवान ऐकतो की बैल ऐकतात हेही न पाहता गंगूबाई सुनेच्या हाताचं कौतुक सांगत आली.

कौतुक दोन महिने टिकलं. मेथी सत्यभामा अशी खुडायची की पाहत राहावं. पण पहाटे डोक्यावर टोपली घेऊन परतवाड्याचा बाजार गाठायचा, विहिरीवरून पाणी ओढायचं, तिथं एकेक सांधा जागा सोडायचा. कधी गुडघा, कधी खांदा. एकदा जांभई दिली तर जबडा उघडाच राहिला, तो हातानं ढकलून बंद केला. टोपलीची कड दंडाला लागली की दुसऱ्या दिवशी तिथं जांभूळ पिकल्यासारखा डाग. डाग पाहून आळीनं ठरवलं, सासू मारते. गंगूबाईनं बोटही लावलं नव्हतं, म्हणून तिचा संताप दुप्पट. "मारलं असतं त निदान मारल्याचं समाधान तरी भेटलं असतं," असं ती आमच्या बायकोजवळ म्हणाली. बायकोनं ते आळीभर पोचवलं.

त्यात बांगड्या. बांगडी फुटली तर आपण फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण हिच्या बांगड्या फुटत नव्हत्या, धडच्या धड निसटून पडत होत्या. कधी वांग्याच्या वाफ्यात, कधी पीठ मळायच्या परातीत. याला काय म्हणायचं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि नेमकं त्याच दिवसांत शालिकरामाला थंडीताप आला. गंगूबाईनं दोन्ही गोष्टींची गाठ मारली: सवाष्णीचे हात उघडे पडतात, म्हणून माझ्या लेकाचं अंग तापतं. सुनेला हिवरखेडला पोचवायची आणि शालिकरामाला दुसरी करायची, असं ठरलं. मुलगीही पाहून झाली, जाड मनगटाची.

वऱ्हाड निजामाचं की इंग्रजाचं, यावर तेव्हा नागपुरात मोठमोठे वकील डोकं खपवत होते. आमच्या आळीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आमचा प्रश्न एकच: सत्यभामा इथली राहते की तिथली होते?

पंच बसले ते गंगूबाईच्या अंगणात, भर दुपारी. मी सामायिक भिंतीवर शेवग्याच्या शेंगा तोडायला चढलो होतो. शेंगांचा हंगाम नव्हता, पण माणसानं आशा सोडू नये.

पंचांत मोठे भगवंतराव. पानाचा तोबरा सावरत ते म्हणाले, "बोल गंगूबाई. सुनेचा गुन्हा काय?"

"दादा, काम सांगतलं की इचं दुखते. आन् पोट्ट्याइले गंमत दाखवाची असली की अंगठा मनगटाले लावते. जे इतकं वाकते, थे दुखन कसं?"

पंचांनी माना डोलावल्या. सगळे माळी. वाकणारी फांदी मोडत नाही, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर पाजलेलं.

"खरं हाय," भगवंतराव म्हणाले. "काय वो पोरी, तुले काय सांगाचं हाय?"

सत्यभामा खांबाला टेकून उभी होती. "दादा, फांदी झाडाले धरून वाकते. माहे सांधे झाडच सोडतेत."

"तोंड मजबूत हाय इचं!"

"थेही कधी कधी निसटते, दादा."

मी भिंतीवरून हसलो आणि खोकल्याचं सोंग केलं. भगवंतरावांनी शालिकरामाकडे पाहिलं. "तुहं काय म्हननं हाय बापा?"

शालिकरामानं आपल्या पायाचा अंगठा बराच वेळ पाहिला. "माय म्हनते तसं."

भगवंतरावांनी पान थुंकलं. म्हणजे निकाल जवळ आला. आता ते दोन शब्द बोलले असते आणि सत्यभामेची गाडी जुंपली गेली असती. पण गंगूबाईला धीर कुठला? जिंकत आलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. ती ताडकन उठली. "दादा, सवाशिनीचा हात असा असते का? पाहा ना तुमीच!" म्हणत तिनं सुनेचं मनगट पकडलं आणि पंचांच्या नाकापुढे आणायला जोरात हिसडा दिला.

बांगड्या निसटल्या. त्या पाठोपाठ खांदाही.

खट् असा आवाज झाला, तो मला भिंतीवर ऐकू आला. हात खांद्यापासून खाली लोंबला, तळवा भलतीकडे वळलेला, आणि मनगट अजून गंगूबाईच्या मुठीत. गंगूबाईला वाटलं, आपण सुनेचा हात उपटला.

"मेली वो माय! म्या मारली तिले!" ती मटकन खाली बसली. पण मूठ सोडायचं तिला सुचेना. एक पंच चपला न घालताच फाटकाशी पोचले होते. शालिकराम जन्मात पहिल्यांदा मायला न विचारता बोलला, "माय, सोड ना तिचा हात!"

तेव्हा कुठं मूठ सुटली. सत्यभामा पांढऱ्या मुळ्यासारखी झाली होती. कपाळावर घाम. तरी ओरडली नाही. सावकाश खांबाशी टेकून खाली बसली. पाणी मागितलं. शालिकरामानं आणलेलं पाणी घोट घोट प्याली. पदर नीट केला. भगवंतराव "अवो, वैदाले बोलवा कोनी!" म्हणत होते, तिनं मान हलवून नको म्हटलं. एव्हाना गंगूबाईनं अंबादेवीला खण, नारळ आणि स्वतःच्या नाकातली नथ कबूल करून टाकली होती. मग सत्यभामेनं गुडघा जवळ घेतला, दुखऱ्या हाताचं मनगट त्याला अडकवलं, डोळे मिटून मागे रेलली. खट्. हात जागेवर.

भगवंतरावांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "शालिकराम, इले ओझं उचलू देजो नोको. पानीही ओढू देजो नोको. आन् गंगूबाई, दुसरीची गोठ पुन्हा काढशीन त हा हात कोनं उपटला होता, थे सारा परतवाडा आईकन."

दुसऱ्या दिवसापासून टोपली गंगूबाईच्या डोक्यावर आली आणि सत्यभामा बाजारात पोत्यावर बसून विकू लागली. बसून विकण्यात तिचा हात धरणारं कोणी निघालं नाही. पोरं अंगठ्याची गंमत पाहायला जमत. आधी मायला मेथी घ्यायला लाव, मग अंगठा. गंगूबाईनं गोंदणारणीला बोलावून सत्यभामेच्या दोन्ही मनगटांवर हिरव्या बांगड्या गोंदवून घेतल्या. हात आठ दिवस सुजले होते, पण सासू निर्धास्त झाली. पौषाच्या थंडीत सत्यभामेचे गुडघे ठणकत, तेव्हा करडीचं तेल गरम करून चोळायला गंगूबाईच बसे. सोबत शिव्याही देई, पण चोळी.

पंचवीस वर्षं झाली. गंगूबाई गेली, सत्यभामेला सून आली. परवा मी शेवटी विचारलंच, "वयनी, आता कोनाचं भेव नाई. खरं सांगा, त्या दिवशी खांदा निखळला का तुमीच निखळवला?"

तिनं मेथीची जुडी बांधली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, निखळला थो आत्याबाईनं वढला म्हनून. बसवाले येळ लावला, थो मातर म्या लावला."