सरांचं ताक आणि माझा खल

वाशिमच्या आमच्या कॉलेजात मी लिथियम बॅटरीवर काम करते. बॅटरीच्या धन टोकाला जी काळी पूड असते, ती चार्जिंग करून करून थकते. तिच्यात दुसऱ्या धातूचे किंचित अणू मिसळले, की ती जास्त टिकते. याला डोपिंग म्हणतात. किंचित म्हणजे नेमकं किती, यातच माझी अक्कल खर्ची पडली. मॅग्नेशियम घातलं, ॲल्युमिनियम घातलं. बॅटरी काही टिकेना.

आणि यंदा उन्हाळ्यात एक सेल टिकला. टिकतच राहिला. मी ती पूड पुण्याला तपासायला पाठवली. उत्तर आलं, यात सोडियम आहे. सोडियम मी जन्मात घातलं नव्हतं!

दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेत शिरले, तर शेजारच्या विभागातले सर माझ्या खलात मीठ-जिरं कुटत बसलेले. मेडशीहून एसटीनं आणलेलं ताक टेबलावर. सोडियम कुठून आलं, ते तिथंच कळलं.

"सर, हा खल माझ्या पुडीचा आहे!"

"मंग? मी रोज धुऊनच ठेवतो ना. तुमी काहून एवढ्या चिडून राह्यल्या?"

धुऊन म्हणजे नळाखाली एकदा धरून. माझी पूड यांच्या पोटात किती गेली, देव जाणे. डोकं फिरलं होतं, पण गरज माझीच होती. राग गिळून विचारलं, "सर, खलात मीठ किती घेता? नेमकं सांगा."

सरांनी ताकाचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"चवीपुरतं."