एका घरातून एक

जानेवारीचा शेवटचा रविवार, सकाळी अकरा. लखनौचं गोमती नगर, आमचा हॉल. हजर: मी, आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचे संपादक, म्हणजे जानकीपुरमहून आलेले, बँकेतून निवृत्त झालेले काका, मंडळातली एक मैत्रीण, जिचे यजमान हवाई दलात आहेत, माझी मुलगी, आणि खालच्या मजल्यावरच्या आपा. आपांना मराठी येत नाही. तरी मुद्दाम बोलावलं होतं, कारण माझ्या कथेत त्या होत्या.

कथा आमच्या सोसायटीवर होती. अंकात दरवर्षी फक्त मराठी माणसंच भेटतात, ही काकांची जुनी तक्रार मी मनावर घेतली होती. लिहिण्याआधी यादी केली. यादीशिवाय मी भाजीलासुद्धा जात नाही. वहीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं लिहिली होती, त्याच्या पुढच्याच पानावर पात्रं लिहिली आणि पद्धतही तीच ठेवली: एका घरातून एक, कुणी सुटायला नको. एक सरदारजी, एक बंगाली काकू, केरळची एक नर्स, व्हीलचेअरवरचे एक आजोबा, ईदला शेवया घेऊन येणाऱ्या आपा. लिहून झालं की नावापुढे टिक. बारा टिका झाल्या तेव्हा मी खूश होते.

मी वाचत होते आणि मुलगी आपांना हिंदीत सांगत होती.

"अच्छा, फिर?" आपांनी विचारलं.

"फिर आप चली गईं."

"चली गई? सेवइयाँ पकड़ाकर, दरवाज़े से ही?"

"हाँ आंटी. अगले पैरा में नर्स दीदी आती हैं ना."

"नौ साल में तुम्हारी मम्मी ने मुझे एक बार भी बिना बिठाए नहीं लौटाया. और कहानी में इतनी बेअदबी?" आपा हसत होत्या, पण माझ्याकडे बघून. "और सेवइयाँ बहू बनाती है. मुझसे तो दूध जल जाता है."

मैत्रीण म्हणाली, "माझंही तेच. फौजीची बायको कथेत आली की ट्रंक भरते आणि डोळे पुसते. एकदा तरी तिची दाढ दुखू द्या!"

काकांना वाद नको होता. "वहिनी, आपांचा परिच्छेद सरळ काढून टाका. बुधवारी अंक छपाईला द्यायचाय."

"काढणार नाही," मी म्हटलं. असं एकेकाला काढत गेले असते तर आमच्या जिन्यात पुन्हा आम्हीच तेवढे राहिलो असतो.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या झेंडावंदनाला मला नऊवारी नेसवून 'महाराष्ट्र' म्हणून स्टेजवर उभं केलं होतं. दोन मिनिटं, टाळ्या, उतरा खाली. मी काय काम करते, हे निवेदकाला ठाऊक नव्हतं. घरी येऊन मी त्यावर चांगलीच तणतणले होते. आणि माझ्या बारा जणांचं मी काय केलं होतं? हळदीकुंकवाला बाई येते, वाण घेते, निघते. तिथे ते चालतं, कारण तिला अजून सहा घरं करायची असतात. माझ्या कथेत आपांना जायला दुसरं घरच नव्हतं.

मी वही उघडली, पेन घेतलं. "आपा, आजकल दिनभर क्या करती हैं आप?"

"लो, नौ साल बाद पूछा!" मग त्या म्हणाल्या, "गाड़ी सीख रही हूँ."

त्यांच्या यजमानांची गाडी ते गेल्यापासून खाली कव्हर घालून उभी आहे. मुलगा होळीनंतर ती विकणार आहे. त्याआधी आपांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरोजिनी नगरला बहिणीकडे जायचंय. स्वतः चालवत, एकटीनं. वय त्रेसष्ट.

"एक बार गेट से भिड़ा चुकी हूँ. वो मत लिखना."

"वो तो ज़रूर लिखूँगी."

"तो पहले बगल में बैठना पड़ेगा. और चीखना मना है."

मी तिथल्या तिथे यादीतल्या अकरा नावांवर काट मारली. काका खुर्चीत पुढे सरकले. "अहो, अकरा माणसं एका दमात?"

"त्यांच्या कथा वेगळ्या लिहीन. वर्षाला एक. पण मला बुधवार जमणार नाही, त्यानंतरचा सोमवार द्या."

"सोमवार सकाळी दहा. कथा नाही आली तर तुमचं पान कोरं छापीन."

"छापा."

त्यानंतर कथा पहिल्यापासून लिहायला घेतली. आता आपा आत येतात, बसतात, चहा घेतात, मुलाच्या तक्रारी सांगतात, माझा सल्ला धुडकावतात. सात पानं झाली. गाडीचा प्रसंग तेवढा राहिलाय. तो घरात बसून लिहायचा नाही, असं मी ठरवलंय. आपा क्लच सोडताना काय पुटपुटतात हे मला माहीत नाही, आणि मनानं काही घालायचं नाही. गुरुवारी सकाळी सातला निघणार होतो, पण धुक्यात समोरची इमारतही दिसेना, म्हणून आपांनीच नको म्हटलं. आता शनिवार ठरलाय. त्यांच्या शेजारी बसणं अजून व्हायचंय.