चिंचेपासून वळणापर्यंत बँड बंद

"मास्तर, बंद कर मेल्या ती पिपाणी! बंद कर म्हनतो ना! पाय फाटंल तिचा!"

वैशाखातली भर दुपार, शहापूर-मुरबाड रस्ता, जीपच्या बॉनेटवर घामाघूम नवरा, पुढे लाल कोटांत उकडून निघालेली माझी बँड पार्टी, आणि रस्त्याकडेच्या अंगणात बारक्या. कंबरेत वाकलेला, म्हाताऱ्या घोडीचा पुढचा पाय दुमडून आपल्या मांडीवर घट्ट धरलेला, आणि तसल्या अवस्थेतही मान वर करून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. आवाज असा, की समोरच्या डोंगरावरची माकडं काय भानगड आहे ते बघायला खाली उतरली. मी क्लॅरिनेट तोंडातून काढून ओरडलो, "अरे बाबा, पाय बरा होऊन किती वर्षं झाली तिचा!" तो म्हणाला, "तुला बघून परत फाटंल." वऱ्हाड हसलं, नवरा चिडला, आणि मी नेहमीसारखा हात वर करून पार्टी गप्प केली... हे आमचं शेवटचं बोलणं. पंधरवड्यानं निरोप आला. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजून आला, ओट्यावर टेकला, बायकोकडं पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत थांबला नाही. ज्या माणसानं माझा बँड इतकी वर्षं थांबवला, त्याला स्वतःला तांब्याभर पाण्यापुरतं थांबता येऊ नये? याला काय म्हणावं?

या दोन्ही तालुक्यांत मला मास्तर म्हणतात. शाळेचा नव्हे, बँडचा. बारक्या हा माझा ढोलवाला. चार महिने भातशेती, आठ महिने मिळेल ते काम, आणि लगीनसराईत माझ्या पार्टीत मोठा ढोल. तसा ढोल पुन्हा झाला नाही. तो मुरबाडात टिपरू मारायचा आणि आटगावात म्हशी पान्हा सोडायच्या. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी म्हशींना विचारावं. असा सोन्यासारखा माणूस माझ्या हातातून कुणी नेला? दुसऱ्या पार्टीनं नाही, दारूनं नाही, बायकोनं तर नाहीच. एका टाकून दिलेल्या घोडीनं!

नव्वदीची अखेर होती. रस्त्याकडेच्या जमिनी मुंबईवाल्यांनी घेतल्या होत्या, फार्महाऊस बांधू म्हणून. फार्महाऊस काही झाली नाहीत, काटेरी तारा मात्र मैलोगणती झाल्या. मुरबाडचं एक लग्न वाजवून आम्ही सकाळी टेम्पोतून परत येत होतो. बारक्या एकदम टपावर थाप मारून ओरडला, "थांबव, थांबव!" बघतो तर तारेत घोडी. वरातीची. मी तिला ओळखलंच, कारण कितीतरी नवरे तिच्यावर भेदरून बसलेले मी पाहिले होते आणि माझ्या मागून नाचत आलेली ती माझ्या पाठीला ठाऊक होती. वय झालं तसं मालकानं तिला चरायला सोडल्याचं नाटक करून तिथंच टाकलं होतं. मागचा उजवा पाय तारेत गुरफटलेला, आणि तिनं झटके देऊन देऊन नळीवरची कातडी मोज्यासारखी खाली ओढून घेतलेली. आतलं पांढरं हाड दिसत होतं. आमचा ट्रम्पेटवाला तिथंच ओकला.

"डोळं झाका तिचं," बारक्या म्हणाला आणि इकडं तिकडं बघत त्यानं माझा कोट ओढला. नवा कोरा, लाल, सोनेरी झालरीचा, त्याच हंगामात शिवलेला! मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत तो घोडीच्या तोंडावर. मग पक्कड घेऊन तो तार तोडत राहिला आणि मी नुसत्या बनियनवर घोडीची मान धरून उभा. तार सुटली तसा त्यानं तोच कोट तिच्या डोळ्यांवरून काढून पायाला गुंडाळला. माझी झालर रक्तात भिजताना मी या दोन डोळ्यांनी पाहिली. मी म्हटलं, "बारक्या, घोडी घेऊन करणार काय तू? नांगराला जुंपणार?" तो म्हणाला, "आपल्या मागून चालायची ना ती? मंग आपलीच की."

मुरबाडहून जनावरांचे डॉक्टर आले. भला माणूस. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली, लोंबणारी कातडी जागेवर आणून टाके घातले आणि बजावलं, "शीर वाचली आहे, नशीब समज. पण हिला हलू द्यायचं नाही. आणि पावसाच्या आत जखम मिटली पाहिजे. नाहीतर चिखलात पाय सडेल, मग माझ्याकडे एकच इंजेक्शन राहील." बारक्यानं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं काही दिसेना. गोठ्यातले बैल बाहेर आले, घोडी आत गेली. यमुनावहिनी, त्याची बायको, मला म्हणाली, "मास्तर, तुमच्या संगतीनं दारू आणंल असं वाटलेलं. यानं सवत आनली."

पुढची गोष्ट मी सांगितली की लोक म्हणतात मास्तर फेकतो. फेकत नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी बारक्या धापा टाकत मुरबाडला, डॉक्टरांच्या दारात. "डॉक्टर, चला. घोडी गेली हातची. रवंथ बंद झालाय!" आमच्याकडं गुरं पाळणाऱ्याला हे पाळण्यातच कळतं, रवंथ थांबला की जनावर संपलं. त्यात ती बसतही नव्हती, सारखी उभी. म्हणजे दुखणं आत शिरलंय. पाड्यातली म्हातारी माणसं येऊन बघून, मान हलवून गेली होती. यमुनावहिनीनं दृष्टसुद्धा काढली होती. डॉक्टर बिचारे उन्हातून स्कूटर मारत आले, तेव्हा मीही तिथंच होतो. घोडी मजेत पेंढा खात होती. डॉक्टरांनी बॅग न उघडताच परत स्कूटरला अडकवली.

"बारकू, घोडं रवंथ करत नाही."

"आजारी असंल तवा ना?"

"कधीच नाही. जन्मात नाही. आणि ते झोपतं उभ्या उभ्याच."

"मंग खाल्लेलं पचतं कसं?"

डॉक्टर माझ्याकडं वळले. "मास्तर, तुम्ही इतकी वर्षं घोड्यांपुढं वाजवता, हे याला सांगितलं नाहीत?" आता सांगा! मी घोड्याच्या पुढं चालणारा माणूस. त्याच्या पोटात काय चालतं ते मला कोण सांगणार? ते गेल्यावर बारक्या घोडीच्या मानेवरून हात फिरवत बसला आणि मला म्हणाला, "गरीब रे. तिला एकदाच चावायला मिलतं." आणि त्या दिवसापासून भाताचा कोंडा भिजवून मऊ करून घालायला लागला. दात पडलेल्या आजीला पेज भरवावी तसा.

जखम भरत होती. रोज सकाळी पाण्याची धार, मग औषध, मग कापूस, मग यमुनावहिनीच्या जुन्या लुगड्याची पट्टी. माश्या बसू नयेत म्हणून कडुनिंबाचा धूर. इकडं माझी लगीनसराई ऐन भरात आणि ढोलावर कोण? तर माझा भाचा, ज्याला ढोल आणि डालडाचा डबा यातला फरक आजतागायत कळलेला नाही. अशात गावच्या पाटलाच्या मुलाची वरात निघाली. बँड अर्थातच माझा. बारक्याच्या घरापाशी आलो आणि मी काय म्हणतात तो एक लांब सूर लावला... आतून दाव्याची खुंटी उपटल्याचा आवाज. घोडी कान टवकारून, मान वाकवून, गोठ्याच्या दारात नाचत उभी! पट्टी सुटून मागं वळवळतेय, टाके पटापट तुटतायत, आणि ती ठेका चुकत नाही. इतक्या वर्षांची सवय. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. बारक्यानं हंबरडा फोडला.

पुन्हा डॉक्टर आले. म्हणाले, आता टाके घालण्यासारखं कातडं राहिलं नाही. जखम उघडी ठेवून आतून भरू द्यायची, नशिबात असेल तर भरेल. मग त्यांनी बारक्याला युक्ती दाखवली. पुढचा एक पाय दुमडून धरला की घोडी जागची हलत नाही. झालं! बारक्यानं आपल्या घरासमोरच्या रस्त्यापुरता कायदाच केला. चिंचेपासून वळणापर्यंत बँड बंद. माझ्यावर तर दात धरून. "मी वाजवलं," मी म्हणायचो, "पण तिनं नाचावं असं कुठं ठरलं होतं?" तो म्हणायचा, "दुसऱ्या कुनाच्या बँडला ती कान पन हलवत नाय. तुझ्याच पिपाणीला नाचतं येडं." हे कौतुक नव्हतं. ही शिवी होती. पण मी ती जपून ठेवली आहे.

तो सगळा हंगाम माझी पार्टी त्याच्या घरासमोरून वाद्यं काखेत मारून मुक्यानं गेली. नवरे विचारायचे, "लग्नाला चाललोय का मयताला?" आणि तरी, नुसती पावलं वाजली तरी तिला कळायचं, म्हणून हा पाय धरून वाकलेला. वरात लांबली की त्याची कंबर धरायची. मी एकदा म्हटलं, "अरे, दे सोडून, ये ढोलावर." म्हणाला, "दोनच हात हायत, मास्तर. पाय धरू का ढोल?"

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा जखम बोटभर उरली होती. बारक्यानं गोठ्यात मुरूम टाकला, वर फळ्या ठोकल्या, कौलं शाकारली. स्वतःच्या घराची नाही, गोठ्याची. घरात त्या पावसाळ्यात जागोजाग टोपं मांडलेली होती आणि घोडी कोरडी. शेतात भाताचं आवण लागायच्या सुमाराला डॉक्टरांनी पाय चाचपला आणि म्हणाले, "मिटली. केस येणार नाहीत, पण पाय तुझा." मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, पुढच्या हंगामापासून ढोल! तर हा पठ्ठ्या म्हणतो, "वरनं मिटलीय. आतनं कोनी बघितलंय?"

आतनं कोनी बघितलंय! या एका वाक्यावर त्यानं पुढची सगळी वर्षं काढली. नवं शतक आलं, पोरांच्या हातात मोबाईल आले, वरातींत डीजे आले. गोठ्याची कौलं हादरतील असा डीजे दारावरून जायचा आणि घोडी खुशाल शेपटीनं माश्या हाकत उभी असायची. बारक्यासुद्धा बिडी ओढत बसलेला. पण हंगामातून एखाददुसरं जुन्या वळणाचं लग्न मला मिळायचं, मी चिंचेपाशी आलो की संपलं. तो धावत गोठ्यात, पाय मांडीवर, आणि शिव्या सुरू. केस पिकले, गुडघे गेले, कायदा गेला नाही. मी चिडायचो. घरी येऊन भांडी आपटायचो. बायको म्हणायची, "मग दुसऱ्या रस्त्यानं जा की." शेणवे गावच्या वरातीला खरंच दुसरा रस्ता होता. जवळचा होता.

बारक्याच्या तेराव्याला गेलो. बायका पानं उचलत होत्या. मी गोठ्यात डोकावलो. घोडी उभी, डोळे अर्धे मिटलेले, मागच्या पायावर तो बिनकेसांचा गुळगुळीत पट्टा. मेढीच्या खांबाला माझा कोट टांगलेला. लाल रंग उडून विटकरी झालेला, एका बाहीला अजून थोडी झालर. बारक्या त्यानंच तिला पुसायचा. क्लॅरिनेट पिशवीत होती. का नेली होती कुणास ठाऊक... आता त्या वाजवण्याला कान देणारं या दोन तालुक्यांत तिच्याशिवाय कोण उरलं होतं? मी ओट्यावर यमुनावहिनीपाशी गेलो. ती कोंडा भिजवत होती.

"वहिनी," मी म्हटलं, "त्याच्यासाठी थोडंसं वाजवू का? एकदाच. पाय केव्हाच बरा झालाय तिचा."

तिनं घमेल्यातला हात थांबवला नाही.

"नको, मास्तर. ती नाचंल. पाय धरायला आता कोन हाय?"