वळणापर्यंत

उमरीच्या ट्रॅक्टरच्या दुकानात म्हाताऱ्या मामांसाठी खुर्ची होती, पण तिच्यावर ते टेकलेले मी कधी पाहिले नाहीत. ट्रॅक्टर घेण्यासाठी मारलेल्या माझ्या चार-पाच हेलपाट्यांत दर वेळी ते दारात येरझाराच घालत होते. बघूनच माझा जीव कावून जायचा. पूर्वी त्याच जागेवर बैलबाजार भरायचा आणि ते बैलांचे दलाल होते. पुढं तिथं पेरणीयंत्रं आली, मग ट्रॅक्टर. मालकानं जागेबरोबर त्यांनाही ठेवून घेतलं.

नव्या ट्रॅक्टरला ते बैलासारखी थाप मारायचे. हार घातलेला ट्रॅक्टर निघाला की रस्त्यावर येऊन तो वळणाआड जाईपर्यंत टाचा उंचावून बघायचे. मग पुन्हा येरझारा.

माझा ट्रॅक्टर न्यायच्या दिवशी मी विचारलंच, "मामा, एवढं काय बघता?"

"बैल इकला की वळणावर मागं बघायचा. ह्ये बघतच न्हाई. लई चुकल्यावानी होतंय."

मी हसलो. नारळ फोडून निघालो. वळणावर मात्र पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि मी मागं वळून पाहिलं.

ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. घुटमळणारं जनावर हाकलावं तसे दोन्ही हात हलवून त्यांनी मला पुढं हाकललं.